शिट्टी कुणाच्या हातात

तो १६ वर्षांचा होता, आमच्याकडे नवीन व्हॉलंटियर म्हणून आलेला, आणि पहिल्यांदाच वॉर्मअप घेत होता. समोर २२ मुलं, सगळी आठ ते अकरा वयाची, आणि त्याचा आवाज नुकताच फुटलेला, म्हणजे "गोल करा" म्हणताना 'गोल' एका पट्टीत जायचा आणि 'करा' भलत्याच पट्टीत, आणि मुलं हसली. लहान मुलं एकदा हसली की पुढचं सगळं हातातून जातं. दोघं ग्राउंडवर खुणेला ठेवलेले प्लास्टिकचे कोन डोक्यावर घालून पळायला लागले, एकजण बॉल घेऊन थेट दुसऱ्या टोकाला गेला, तिघीजणी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडून परत बांधायला लागल्या. तो शिट्टी मुठीत धरून नुसता उभा. वाजवत नव्हता. मी दहा पावलांवर होते आणि मला ते बघवेना, मी सरळ गेले, त्याच्या हातातून शिट्टी घेतली, एकदा जोरात वाजवली आणि दोन मिनिटांत सगळे गोलात. सेशन मस्त झालं. तो उरलेला वेळ कोन गोळा करत होता. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी मेसेज केला तर "अभ्यास आहे ताई" एवढंच उत्तर आलं.

त्यानंतर बरेच दिवस मी सगळ्यांना सांगायचे की आजकालची पोरं टिकत नाहीत, चार दिवस उत्साह आणि मग गायब. समोरचे मान डोलवायचे, कारण ज्यांनी कधी मोकळ्या ग्राउंडवर मुलांसाठी फुकट खेळ चालवलेत त्या सगळ्यांना हा अनुभव आलेलाच असतो. आता बारा वर्षं झाली, दर रविवारी असे फुकट खेळ चालवायच्या आणि त्यासाठी शाळा-कॉलेजातली पोरं व्हॉलंटियर म्हणून घ्यायच्या या कामाला, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. पोरं टिकतात. मोठी माणसं त्यांच्याशी कशी वागतात यावर ते असतं, आणि ते वागणं बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार आठवड्यांतच ठरून जातं. हे एकदा नीट लिहून काढायचं होतं, कारण कुणी नवीन असं काम सुरू करायचं म्हणून भेटायला येतं तेव्हा पहिला प्रश्न असतो "व्हॉलंटियर कुठून आणायचे?" आणि आणल्यावर पुढे काय, हे विचारायला कुणी थांबतच नाही.

आधी आणण्याचंच सांगते.

सुरुवातीला आम्ही पोस्टर लावले, फॉर्म बनवला. फॉर्ममध्ये १४ प्रश्न होते, त्यात एक "तुम्हाला समाजासाठी काम का करायचंय?" असाही होता. ४० नावं आली आणि आम्ही खूष झालो. पहिल्या रविवारी ११ जण आले, महिनाअखेर तीन. त्या तिघांना मी बसवून विचारलं की तुम्ही नेमके का आलात, तर तिघांनीही पोस्टरचं नाव काढलं नाही. एकीला तिच्या मैत्रिणीने ओढून आणलं होतं, एकाला आमच्या कोचने रस्त्यात थांबवून विचारलं होतं, तिसरा म्हणाला की मी लहानपणी इथंच खेळायचो आणि कुणी विचारलं असतं तर आधीच आलो असतो. "कुणी विचारलं असतं तर." हे मी त्यानंतर इतक्यांदा ऐकलंय. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपण उपयोगाचे आहोत असं आपणहून वाटतच नसतं, ते कुणीतरी त्याच्या तोंडावर सांगावं लागतं.

म्हणून आता आम्ही पोस्टर लावत नाही, विचारतो. आणि विचारायचं म्हणजे कसं तर, "गेल्या आठवड्यात तो छोटा रडत होता तेव्हा तू त्याला बाजूला घेऊन बसलीस, ते मी बघितलं. पुढचे चार रविवार लहान गटाबरोबर थांबशील का, साडेसात ते साडेआठ?" यात तिला कळतं की माझ्याकडे कुणाचं तरी लक्ष होतं, काम काय आहे तेही कळतं, आणि हे कधी संपणार तेही कळतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. "येत जा ना दर रविवारी" म्हटलं की पोरं घाबरतात, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही आणि आयुष्यभराचं हो म्हणवत नाही, मग ती न सांगता यायची बंद होतात. चार रविवार म्हटलं की बरेचजण पाचव्यालाही येतात. जो येत नाही त्याला मी मनापासून थँक्यू म्हणते, कारण त्याने शब्द दिला तेवढा पाळलेला असतो.

आणि विचारायचं कुणाला? आम्ही आधी सगळ्यात चांगले खेळणारे उचलायचो. चूक होती ती. चांगल्या खेळाडूचं लक्ष स्वतःच्या खेळावर असतं आणि ते तसंच असायला हवं, त्याला उगाच आठ वर्षांच्या पोरांमागे लावलं की तो वैतागतो, मग पोरंही वैतागतात. जो टीममध्ये बाराव्या नंबरचा असतो, बेंचवर बसून पूर्ण मॅच बघतो, कोण दमलंय, कोण चिडलंय हे ज्याला आपोआप दिसतं, तो बघा. आणि माझा सगळ्यात मोठा शोध म्हणजे पायऱ्यांवर बसणारी मुलं. लहान भावाला किंवा बहिणीला सोडायला येतात, तासभर मोबाईल बघत थांबतात, परत घेऊन जातात. कुणी त्यांच्याकडे बघत नाही. अशाच एका मुलीला मी एकदा घाईत स्टॉपवॉच दिलं, म्हटलं जरा दर पाच मिनिटांनी मला ओरडून सांग. तिने तासभर एकदाही चुकवलं नाही. पुढच्या आठवड्यात ती आली ती पायऱ्यांवर गेलीच नाही, सरळ माझ्यासमोर हात पुढे करून उभी राहिली. आज तीन वर्षं झाली, पूर्ण लहान गट ती बघते.

लंडन ऑलिंपिकला, २०१२ साली, सुमारे ७०,००० व्हॉलंटियर होते आणि त्या जागांसाठी दोन लाख चाळीस हजारांच्या वर अर्ज आले होते. हे वाचलं की वाटतं लोकांना मदत करायची किती हौस असते, आणि ती असतेच, खोटी नाही. पण ते सोहळ्याचं काम होतं, युनिफॉर्म, गर्दी, जगभरचे कॅमेरे, आणि संपण्याची तारीख ठरलेली. आपल्यासारख्यांचं काम दर आठवड्याचं. चिखल झालेल्या ग्राउंडवर सकाळी सात वाजता कोन लावायला अर्ज येत नाहीत, त्याला शिकण्यासारखं उदाहरण दुसरंच आहे.

पार्करन बघा. २ ऑक्टोबर २००४ ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-हेविट यांनी सुरू केलं, ते स्वतः तेव्हा दुखापतीमुळे पळू शकत नव्हते, पहिल्या दिवशी धावणारे १३ जण होते आणि मदतीला मूठभर माणसं. आज कितीतरी देशांत दर शनिवारी हे पाच किलोमीटर फुकट धावणं होतं आणि सगळीकडे ते व्हॉलंटियरच चालवतात. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते त्यांचं कामाचं वाटप. एकजण वेळ घेतो, एकजण शेवटच्या रेषेवर टोकन देतो, एकजण बारकोड स्कॅन करतो, एकजण सगळ्यात मागून चालत येतो म्हणजे कुणीच शेवटचं राहत नाही. प्रत्येक कामाला नाव आहे, पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला दहा मिनिटांत समजेल एवढं ते छोटं आहे, आणि ते नाही झालं तर खरंच अडतं. नवीन पोराला आपण काय सांगतो? "जरा मदत कर." मग तो बिचारा हात मागे बांधून तासभर उभा राहतो आणि घरी जाऊन म्हणतो की तिथे काही कामच नव्हतं.

आमच्याकडे आता पहिल्या दिवशीची कामं ठरलेली आहेत. रजिस्टर, स्टॉपवॉच, बिब, म्हणजे टीम ओळखायला टीशर्टवर घालायची रंगीत बंडी, वाटणं आणि मोजून परत घेणं, पाण्याच्या ब्रेकवर लक्ष. रजिस्टरचं काम मी शक्यतो सगळ्यात लाजाळू पोराला देते, कारण त्याला प्रत्येक मुलाजवळ जाऊन नाव विचारावंच लागतं, आणि दोन आठवड्यांत अख्ख्या ग्राउंडवर सगळ्यांची नावं येणारा तो एकटाच असतो. नावं येणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे ते पुढे कळतं, "ए निळा टीशर्ट" म्हणून ओरडणारा आणि नावाने बोलावणारा यांच्यातला फरक मुलांना एका दिवसात कळतो.

आता एक गोष्ट जिच्याबद्दल मी कडक आहे. १५ किंवा १७ वर्षांचा व्हॉलंटियर हा स्वतः लहान मूल आहे. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक म्हटलंय, त्याच करारात कलम ३१ मध्ये खेळण्याचा हक्क आहे आणि कलम १२ मध्ये आपल्याबद्दलच्या गोष्टींत आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा. आपण हे हक्क खेळायला येणाऱ्या छोट्यांना लावतो आणि त्यांना खेळवणाऱ्या मोठ्या मुलांना विसरतो. म्हणून आई-वडिलांची लेखी परवानगी असल्याशिवाय कुणीही सुरू करत नाही, आणि त्या कागदाआधी मी आई-वडिलांना एकदा भेटते. ग्राउंडवर कायम दोन मोठी माणसं, ज्यांची चौकशी करून घेतलेली आहे अशी. कुठलाही व्हॉलंटियर कुठल्याही मुलाबरोबर एकटा बंद खोलीत किंवा कोपऱ्यात नाही, मुलांना पर्सनल मेसेज नाही, परवानगीशिवाय फोटो नाही. हे नियम मी पोरांना सांगते तेव्हा कारणही सांगते, की हे त्या छोट्यांच्या रक्षणासाठी आहेत आणि तितकेच तुमच्याही. आणि कुठल्या मोठ्या माणसाचं वागणं, अगदी आमच्यातल्या कोचचं किंवा माझंही, तुम्हाला खटकलं तर कुणाला सांगायचं, तिचा नंबर पहिल्याच दिवशी देते. ती ग्राउंडच्या कामात नसते, मुद्दाम बाहेरची ठेवलीय. बऱ्याच ठिकाणी हे सगळं नंतर बघू म्हणून राहून जातं. कृपा करून राहू देऊ नका.

शिकवण्याचं म्हणाल तर आम्ही आधी दिवसभराचं शिबिर घ्यायचो, खुर्च्या, फळा, व्याख्यान. काही राहायचं नाही. आता ग्राउंडवरच उभं राहून दाखवतो. ऊन तुमच्या डोळ्यांवर येऊ दे, मुलांच्या नाही, म्हणजे मुलांना तुमचं तोंड दिसतं. छोट्याशी बोलायचं तर गुडघ्यावर बसा. खेळ समजावताना अर्धा मिनिट पुरे, बाकी खेळताखेळता कळतं, कारण रांगेत उभं ठेवलं की मारामारी सुरू होते आणि ती मुलांची चूक नसते. बाद झालेल्याला बाहेर बसवायचे खेळ शक्यतो नकोच, कारण जो सगळ्यात आधी बाद होतो त्यालाच खेळायची सगळ्यात जास्त गरज असते. डोक्याला लागलं की त्या मुलाचा त्या दिवशीचा खेळ बंद, ते मूल कितीही "मी ठीक आहे" म्हणालं तरी, लगेच मोठ्या माणसाला बोलवायचं आणि त्याला एकटं सोडायचं नाही. हे एवढं पोरं पाठ करतात, कारण एकमेकांवर करून बघतात.

एक गोष्ट मात्र शिकवण्यापेक्षा विसरायला लावावी लागते. या पोरांना स्वतःला कुणीतरी ओरडून ओरडून खेळ शिकवलेला असतो. शिट्टी हातात आली की पहिल्या पाच मिनिटांत तोच आवाज त्यांच्या तोंडून निघतो, "लाज वाटते का, पळ ना!" मी ऐकलंय हे, ज्याच्यावर असं ओरडलं गेलं होतं त्याच पोराच्या तोंडून. तेव्हा रागवून उपयोग नाही. मी त्यांना अमेरिकेतल्या अमांडा विसेक आणि त्यांच्या टीमने केलेल्या एका अभ्यासाबद्दल सांगते, त्यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना विचारलं की खेळात मजा कशाने येते, ८१ कारणं निघाली आणि त्यात जिंकणं ४८ व्या नंबरवर होतं. जीव लावून खेळणं, टीममधल्यांनी एकमेकांशी नीट वागणं, कोचने चांगलं वागवणं या गोष्टी खूप वर. हे सांगितलं की पोरं आधी विश्वासच ठेवत नाहीत, मग गप्प होतात आणि मग स्वतःचं काही ना काही सांगायला लागतात, मला अमुक सरांनी असं म्हटलं होतं म्हणून मी खेळ सोडला वगैरे. त्या गप्पांनंतर ग्राउंडवरचा आवाज जरा बदलतो. लगेच नाही, पण बदलतो.

सांभाळणं म्हणजे काय हे मला सगळ्यात उशिरा कळलं. मला वाटायचं टीशर्ट दिला, सर्टिफिकेट दिलं, वर्षातून एकदा सगळ्यांना फिरायला नेलं की झालं. त्यातलं काहीच वाईट नाही. पण आमच्याकडे ज्याने खरा फरक पडला ती आहेत सेशननंतरची दहा मिनिटं. सगळी मुलं गेली की व्हॉलंटियर आणि आम्ही तिथेच गवतावर बसतो. आज काय जमलं, कुठे अडकलं, पुढच्या वेळी काय करून बघायचं. आणि प्रत्येकाला एक प्रश्न, आज कुठल्या मुलाबद्दल तुला काही नवीन कळलं? या प्रश्नावर मी पोरांना जे बोलताना ऐकलंय ते कुठल्याही रिपोर्टमध्ये येणार नाही. एकदा एकजण म्हणाला, "तो पळत नाही कारण त्याचे बूट मोठ्या भावाचे आहेत, बॉलला किक मारली की बूटच निघतो." आम्ही तीन महिने त्या मुलाला आळशी समजत होतो.

कुणाचं काही चुकलं असेल तर ते मुलांसमोर नाही, आणि त्या दहा मिनिटांत सगळ्यांसमोरही नाही, नंतर चालताचालता एकट्याला. आणि आमच्यात एक करार आहे. व्हॉलंटियर सेशन घेत असताना त्याने हात वर केला तरच मी मधे येणार. कुणाला इजा होण्याची शक्यता असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसता गोंधळ असेल, मुलं हसत असतील, वेळ वाया जात असेल, तर मी जागची हलणार नाही. हे सोपं नाही. कितीतरी वेळा मी हातांची घडी घालून, ओठ दाबून उभी असते आणि समोर चार मिनिटं नुसता बाजार भरलेला असतो. आणि पाचव्या मिनिटाला तो पोरगा आपणहून काहीतरी शोधतो. एकीने तर ओरडणं सोडून खाली बसून टाळ्या वाजवायला सुरुवात केली, एका लयीत, आणि एकेक मूल येऊन तिच्याबरोबर टाळ्या वाजवत बसलं. मला नसतं सुचलं ते.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी आहेत, त्या पटकन सांगते पण त्या लहान नाहीत. बसभाडं आम्ही त्याच दिवशी हातात देतो, महिनाअखेर नाही, कारण ज्याच्याकडे पैसे नाहीत तो ते सांगत नाही, नुसता यायचा बंद होतो आणि आपण समजतो त्याला रस नाही. परीक्षांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लिहून घेतो आणि त्या महिन्यात त्या पोराला आम्हीच सुट्टी देतो, त्याला मागायला लावत नाही. आई-वडिलांना यातूनच भरवसा येतो. मुलींच्या बाबतीत अंधार पडायच्या आत सेशन संपणं, दोघी-दोघींनी येणं-जाणं आणि जवळ स्वच्छ टॉयलेट असणं या तीन गोष्टी नसतील तर बाकी कितीही भाषणं करा, १४ व्या वर्षानंतर मुली दिसणार नाहीत. सर्टिफिकेटपेक्षा पत्र द्या, ज्यात त्याने नेमकं काय केलं ते लिहिलंय, की याने आठ महिने २० मुलांचा गट सांभाळला आणि अमुक अडचण अशी सोडवली. एका मुलाने ते पत्र नोकरीच्या मुलाखतीत दाखवलं आणि मला फोन करून वाचून दाखवलं, जसं काही मी ते लिहिलंच नव्हतं.

आणि त्यांना खेळू द्या! जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मुलांनी दिवसाला सरासरी तासभर तरी शारीरिक हालचाल करावी, आणि त्यांच्याच अभ्यासानुसार ११ ते १७ वयातली दर पाचपैकी चार मुलं तेवढी करत नाहीत. आपले व्हॉलंटियर नेमके याच वयातले. रविवारी सकाळी ग्राउंडवर येऊन दुसऱ्यांना खेळताना बघून घरी जायचं, हा कसला न्याय? म्हणून सेशननंतर अर्धा तास ग्राउंड त्यांचं. तेव्हा कुणी मोठं माणूस मधे बोलत नाही.

चांगल्या पोरावर सगळं टाकण्याची सवय मात्र आम्हाला फार महागात पडली. एक मुलगी होती, तिला काहीही सांगा, व्हायचं. मग रजिस्टर तिच्याकडे, फर्स्ट एडची बॅग तिच्याकडे, ग्रुपवरचे मेसेज तिच्याकडे, नवीन पोरांना समजावणं तिच्याकडे. आम्ही सगळ्यांना तिचं कौतुक सांगायचो. एका रविवारी तिने बॅग आणून माझ्यासमोर ठेवली, चावी त्यावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, मला शनिवारी रात्री झोप लागत नाही." १७ वर्षांची मुलगी. ते वाक्य मी विसरू शकत नाही. त्यानंतर नियम केला, आठवड्याला दोन तासांच्या वर कुणालाच नाही, महिन्यातला एक रविवार सक्तीची सुट्टी, आणि एका पोराकडे एका वेळी एकच काम.

रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांवर मुलं दिसतात पण त्यांचा सहभाग खरा नसतो, मोठी माणसं त्यांना वापरून घेतात, शोभेला उभी करतात किंवा नावापुरतं बोलायला लावतात. हे मी वाचलं तेव्हा आमच्या एका टूर्नामेंटचा फोटो डोळ्यांसमोर आला. पाहुणे खुर्च्यांवर, मागे रांगेत आमचे व्हॉलंटियर एकसारख्या टीशर्टमध्ये. दिवसभर त्यांनी पाणी वाहिलं, खुर्च्या उचलल्या, निर्णय एकही घेतला नाही. त्यातल्या एकाने विचारलंही होतं, "आम्ही फोटोपुरते आहोत का?" आणि मी त्याला काहीतरी गोल-गोल उत्तर दिलं होतं.

पुढच्या वर्षी टूर्नामेंट त्यांच्याकडे दिली. अख्खी, नियमांसकट. मोठ्यांचं काम फक्त सुरक्षेचं आणि पैशाचं. पहिल्या मीटिंगमध्ये त्यांनी आमचा नॉकआउटच, म्हणजे हरली ती टीम बाहेर, रद्द केला. म्हणाले, आठ टीम, सात मॅच, त्यातल्या चार टीम एक मॅच खेळून वीस मिनिटांत घरी जातात, आणि त्या चार टीम दरवर्षी साधारण त्याच असतात. मग एकीने वहीत मांडून दाखवलं, चार-चारचे दोन गट, प्रत्येक गटात सहा मॅच, म्हणजे १२ आणि वर एक फायनल, १३. मॅच २० ऐवजी १० मिनिटांची केली तर १३० मिनिटं. आणि आपला जुना नॉकआउट? सात गुणिले वीस, १४०. खेळायचा वेळ दहा मिनिटं कमी आणि प्रत्येक टीमला कमीत कमी तीन मॅच. आम्ही मोठी माणसं इतकी वर्षं ती टूर्नामेंट घेत होतो आणि आमच्यापैकी कुणाच्या हे डोक्यात आलं नाही, कारण आम्ही कधी पहिल्याच मॅचमध्ये हरून घरी गेलो नव्हतो. ती वही मांडणारी गेली होती, दोनदा.

हे मोठ्या प्रमाणावर होतं हेही मला माहीत आहे. नैरोबीच्या मथारे वस्तीत १९८७ मध्ये मथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन सुरू झाली, तिथे टीमला लीगमध्ये पॉइंट मॅच जिंकून तर मिळतातच पण वस्तीची साफसफाई करूनही मिळतात, आणि जे तरुण कोच, पंच म्हणून किंवा समितीत काम करतात त्यांना त्या कामाच्या पॉइंटवर शिक्षणासाठी स्कॉलरशिप मिळते. ज्या पोरांना लोक मदत घेणारे समजत होते तीच तिथे लीग चालवतात. आमचं काम त्याच्या तुलनेत एका ग्राउंडएवढं, पण मला धीर येतो त्यातून.

तो १६ वर्षांचा मुलगा मला सहा-सात वर्षांनी भेटला. नोकरीला लागला होता, आवाज अगदी भारदस्त. मी त्याला थांबवलं आणि सांगितलं की त्या दिवशी मी तुझ्या हातातून शिट्टी घेतली ते चुकलं, मला त्याबद्दल सॉरी म्हणायचंय. तो थोडा गोंधळला. शिट्टीचं त्याला आठवतच नव्हतं. म्हणाला, "शिट्टी घेतली असेल ताई, बरंच झालं असेल, माझं काही चाललंच नव्हतं. मला एवढंच आठवतंय की त्यानंतर तासभर तुम्ही माझ्याशी काही बोलला नाहीत. निघताना मी जरा थांबलो पण होतो."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला, तो कुठे थांबला होता. गेटजवळ असेल, कोनची पिशवी ठेवायला. मला खरंच आठवत नाही. मी तेव्हा बहुतेक पालकांशी बोलत होते.

गेल्या रविवारी पाऊस येऊन गेला होता आणि अर्ध्या ग्राउंडवर पाणी होतं. स्टॉपवॉचवाली आमची मुलगी आधीच येऊन कोरड्या भागात कोन लावत होती, तिच्याबरोबर एक नवीन मुलगी, १४-१५ ची, मी आधी कधी न बघितलेली. मी जवळ गेले तर म्हणाली, "ताई, पुढचे तीन रविवार मी नाहीये, परीक्षा आहे. ही माझ्या जागी थांबेल, तीनच रविवार, मी तिला सगळं सांगितलंय. परवानगीचा कागद तिच्या आईकडून आणायला लावलाय, पण तुम्ही भेटल्याशिवाय आई सही करणार नाही म्हणतेय, त्या बघा पायऱ्यांवर बसल्यात."

मी पायऱ्यांकडे निघाले. मागे ती त्या नवीन मुलीला सांगत होती, "इथे नको, असं उभी राहा. ऊन तुझ्या डोळ्यांवर यायला पाहिजे."